चालायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक होतं : सिडकोतल्या एका बचत गटाचं प्रकरण

नाशिकच्या सिडकोत, अंबड औद्योगिक वसाहतीपासून जवळच्या एका वस्तीतला हा बचत गट. सभासद वीस-बावीस. सगळ्यात लहान तिशीच्या आतली, सगळ्यात मोठी साठी ओलांडलेली. बहुतेकींच्या घरातलं कुणी ना कुणी कंपनीत शिफ्टवर जाणारं. काही जणी घरी शिवणकाम करतात, दोघी पोळ्या लाटून देतात, तिघी-चौघी इंदिरानगरकडे धुण्याभांड्याला जातात. बाकीच्या विचारलं तर 'मी घरीच असते' म्हणतात. या लेखात कुणाचं नाव नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

गटातल्या तीन-चार जणींना मधुमेह, तेवढ्याच जणींना थायरॉईड, काहींना बीपी. गुडघ्यांची तक्रार नसलेली शोधावी लागेल. म्हणून महिला दिनाला समाजमंदिरात व्याख्यान ठरलं. पाहुण्या डॉक्टरबाईंनी चांगली तयारी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस त्यांनी नीट सांगितली : प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नव्हते, हा 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ ला आलेला अंदाज पडद्यावर दाखवला. शेवटी कविता राऊतचं छायाचित्र. सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवून गेली, मग तुम्ही अर्धा तास का नाही चालू शकत, असा प्रश्न. टाळ्या झाल्या, समोसे झाले, फोटो झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार-पाच जणी निघाल्या. आठवड्याभरात दोघी उरल्या. गुढीपाडवा आला, घराची साफसफाई निघाली आणि त्या दोघीही थांबल्या.

गटाच्या अध्यक्षांचा मला फोन आला तो यानंतर. "ताई, अजून एक कडक लेक्चर ठेवू या. घाबरल्याशिवाय आमच्या बायका हलायच्या नाहीत." मी व्याख्यानाला नकार दिला आणि त्याऐवजी गटाच्या मासिक बैठकीआधीचा थोडा वेळ मागितला. कारण साधं होतं. चालण्याचे फायदे त्या बैठकीत कुणालाही विचारले असते तर तिनं धडाधड सांगितले असते. शुगर उतरते, वजन आटोक्यात राहतं, झोप लागते. माहिती त्यांच्याकडे भरपूर होती. वागणुकीतल्या बदलाच्या पायऱ्या मानसशास्त्रज्ञ प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये मांडल्या. त्या हिशेबानं 'का चालायचं' हे सांगणं उपयोगी पडतं ते ज्यांच्या मनात विचारच आलेला नाही त्यांना. या बायका त्या पायरीच्या कधीच पुढे आल्या होत्या. दोन आठवडे चालून बसलेल्या बाईला पुन्हा फायदे ऐकवणं म्हणजे तिला अपराधी वाटायला लावणं. आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली आपल्याकडे हे फार चालतं.

दिवसाचा तक्ता

पहिल्या बैठकीत प्रत्येकीला कोरा कागद दिला. कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहायचा, जिला लिहायचा कंटाळा तिनं शेजारणीला सांगायचा. हे काम गमतीत सुरू झालं आणि हळूहळू खोली गप्प झाली.

पहिल्या शिफ्टचं घर असेल तर पावणेपाचला उठणं. डबा. नळाला पाणी येण्याची वेळ, ती चुकली की दिवस कोलमडला. मुलांची व्हॅन. झाडलोट, धुणं, भांडी. मशीनवर ब्लाउज. दुपारी दोन ते चार थोडी उसंत, पण त्या वेळी बाहेर ऊन आणि 'भर दुपारी कुठं निघालीस' हा प्रश्न. संध्याकाळी दिवाबत्ती, मुलांचा अभ्यास, दुसऱ्या शिफ्टचा नवरा रात्री साडेअकराला आला की त्याचं ताट गरम करणं. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामाला स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं आढळलं. हा आकडा मी तक्ते भरून झाल्यावर सांगितला. आधी सांगितला असता तर तो बातमीसारखा कानावरून गेला असता.

तक्त्यांतून एक गोष्ट अशी दिसली की जी व्याख्यानात येऊच शकत नव्हती. सगळ्यांना एकाच वेळी मोकळीक मिळेल असा अर्धा तास दिवसात नव्हताच. पहाटेच्या चालण्याचा आग्रह हा निवृत्त माणसाच्या दिवसावर बेतलेला आहे. पहिल्या शिफ्टच्या घरातल्या बाईची पहाट ही तिची सर्वांत गर्दीची वेळ असते. तेव्हा गटाचे तीन गट पडले. पहाटेचा, हा सुना आलेल्या बायकांचा. मुलं शाळेत गेल्यानंतरचा, साडेआठ-नऊचा. आणि रात्री जेवणानंतरचा. तिसऱ्याला विरोध झाला नाही याचं कारण शतपावली. जेवल्यावर चार पावलं चालणं घरातल्या थोरांनाच मान्य. मधुमेह असलेल्यांसाठी तर जेवणानंतरचं थोडं चालणं विशेष उपयोगी, कारण त्याच वेळी रक्तातली साखर चढत असते. शंभर पावलांवरून पंधरा मिनिटांवर जायचं, एवढंच काम होतं.

इथे एक जुना नियमही मोडीत काढला. एकेकाळी शिफारस अशी होती की हालचाल सलग किमान दहा मिनिटं झाली तरच धरायची. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. भाजी आणायला भराभर गेलं तरी ते खात्यात जमा होतं, हे ऐकून दोन-तीन चेहरे उजळले. बचत गटाच्या बायकांना खात्यात थेंबाथेंबानं जमा करणं वेगळं शिकवावं लागत नाही.

घरकाम धरायचं का?

हा प्रश्न येणारच होता आणि तो तावातावानं आला. "मी काय दिवसभर बसून असते का? फरशी पुसते, पाण्याचे हंडे उचलते, जिना चढ-उतर करते. अजून व्यायाम कसला?" पुष्कळ कार्यकर्ते या प्रश्नाला हसून उत्तर देतात की घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. हे उत्तर चुकीचं आहे, आणि अपमान करणारंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत घरकाम, कामावरचे श्रम, येणं-जाणं, खेळ हे सगळंच शारीरिक हालचालीत मोडतं. उकिडवं बसून फरशी पुसणं, ब्लँकेट हातानं धुणं हे मध्यम दमाचं काम आहे. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक, भांडी विसळणं, कपड्यांच्या घड्या हे हलकं.

मग निवाडा कसा करायचा? बोलण्याची कसोटी वापरली. काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर ते मध्यम दमाचं. गाणंही आरामात म्हणता येतं, तर हलकं. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तर जोराचं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरी करून पाहिलेलं सांगितलं. फरशीला दम लागला, पण त्यात मोजून दहा-बारा मिनिटं गेली. भाकऱ्या थापताना एकीनं तीन अभंग म्हटले आणि चौथ्याला भाकरी करपली. एकूण हिशेब बहुतेकींच्या स्वतःच्याच लक्षात आला : दिवसभर पाय दुखेपर्यंत उभं राहणं होतं, पण हृदयाला काम पडतं ते थोडंच. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी सांगितलं असतं तर वाद झाला असता. त्यांनी स्वतः गाऊन पाहिल्यामुळे झाला नाही.

बैठकीत न येणारी कारणं

तरी गळती थांबेना. साडेआठच्या गटातली एक उत्साही बाई, जी सगळ्यांना हाका मारत जायची, ती अचानक येईनाशी झाली. विचारलं तर पाहुणे, मग सर्दी, मग मुलाची परीक्षा. खरं कारण तिनं वस्तीतल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविकेला सांगितलं, तेही दार लोटून घेऊन. दुसऱ्या बाळंतपणापासून भराभर चालताना, खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब येतात. मैदानावर उड्या मारायला सांगितलं त्या दिवशी साडी ओली झाली आणि ती मागच्या रस्त्यानं घरी गेली.

आशाताईंनी मग एकेकीला हळूच विचारलं. ती एकटी नव्हती. चाळिशीच्या पुढच्या कित्येकींनी हे बाईच्या जातीला असायचंच असं धरून टाकलेलं होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे, हा व्यायाम बसल्या जागी, बसमध्ये, कणीक मळतानाही करता येतो. नेमानं केला तर काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत पुष्कळ जणींना फरक जाणवतो. फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवायचं. माझ्या मते स्त्रियांच्या व्यायामावरच्या प्रत्येक शिबिरात पहिला धडा हाच असायला हवा. तो असतो कुठं? हृदयविकाराची चित्रं दाखवायला कुणालाच संकोच नसतो.

न येण्याचं दुसरं कारण लागणारा दम, आणि त्यामागे कमी रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गटातल्या ज्या बायकांना 'आळशी' म्हणून चिडवलं जाई, त्यांना आधी जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं ते १२ ग्रॅमच्या वर असावं. काही जणींचं बरंच खाली निघालं. त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चालण्याचा वेग ठरवून कमी ठेवला. आळसाचा शिक्का पुसला गेला, हे गोळ्यांइतकंच कामाचं ठरलं.

गुडघ्यांचं मात्र समजावणं जड गेलं. 'चालून चालून वाटी झिजते' ही समजूत इतकी घट्ट की दोघींनी घरातली माडीसुद्धा सोडली होती. गुडघ्याच्या संधिवातात व्यायाम हा पहिल्या फळीचा उपचार मानला जातो आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार हलका होतो. हे ऐकून त्या मान डोलवत आणि घरी जाऊन पाटावर पाय पसरून बसत. शेवटी उपयोग झाला तो खुर्चीचा. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, मग हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. दुखणं वाढत नाही हे स्वतःच्या गुडघ्यावर पाहिल्यानंतर त्या रस्त्यावर आल्या.

आणि मंगळसूत्र. नाशिकमध्ये पहाटे फिरायला गेलेल्या बाईच्या गळ्यातली पोत दुचाकीवरून येऊन ओढून नेली, ही बातमी नवी नाही. पहाटेच्या गटातल्या एकीच्या नणंदेवर हा प्रसंग गुदरला होता. घरी सोनं ठेवून जावं तर सासूबाई म्हणणार, बोडक्या गळ्यानं फिरायला जायचं का. घालून जावं तर नवरा म्हणणार, तोळ्याचं जोखीम कुणी सांगितलं. या कात्रीत दोन बायकांचं चालणं बंद झालं होतं, आणि कोणत्याही आरोग्यपत्रकात याचा उल्लेख सापडणार नाही. तोडगा बायकांनीच काढला. भाजीबाजाराबाहेर मिळणारी काळ्या मण्यांची साधी पोत सगळ्यांनी मिळून घेतली, चौघींच्या खाली पहाटे निघायचं नाही असं ठरवलं, आणि ज्या गल्लीत कुत्री अंगावर येतात ती टाळून मार्ग आखला. अंधाऱ्या कोपऱ्यावरच्या दिव्यासाठी अर्ज दिला. त्याचं पुढे सांगते.

सासूबाईंची बैठक

आतापर्यंतचं सगळं शिक्षण बायकांसाठी होतं. अडथळे मात्र घराच्या उंबऱ्यावर बसलेले होते. एका सुनेनं फार नेमकं सांगितलं : "मला सगळं पटतं. आता जे माझ्या घरी सांगायचंय ते तुम्ही येऊन सांगा."

आषाढात सासवांची वेगळी बैठक घेतली. सुनांना मुद्दाम बोलावलं नाही. विषयही सुनांचा काढला नाही, 'पडणं' हा काढला. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेली कुणी ना कुणी प्रत्येकीच्या नात्यात निघाली. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, अशी शिफारस आहे. भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, एका रेषेत पावलामागे पाऊल टाकणं. आजीबाई मंडळींनी हे लहान मुलींसारखं मनावर घेतलं. एकमेकींचा तोल जाताना पाहून हसून हसून पुरेवाट झाली.

परिणाम पंधरा दिवसांत दिसला. स्वतःच्या गुडघ्यासाठी सासूबाई बाहेर पडू लागल्या आणि सुनेचं बाहेर पडणं हा घरात विषयच उरला नाही. एका घरात तर सासूबाईंनीच 'चहा येऊन करशील, चल' म्हणून सुनेला ओढून आणलं. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'आपल्याला हे जमेल' या भरवशाचे चार झरे सांगितले : स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं पाहणं, कुणी धीर देणं आणि शरीराकडून मिळणारे संकेत. व्याख्यानातलं कविता राऊतचं छायाचित्र दुसऱ्या झऱ्यातलं, पण तिथे 'आपल्यासारख्या' हा शब्द निसटला होता. तिचं कौतुक सगळ्यांना होतं, ते तिच्याविषयीचं होतं. शेजारच्या घरातली साठीची, शुगर असलेली, नऊवारी नेसणारी बाई चौकापर्यंत न थांबता जाऊन आली, ते पाहून मात्र चार जणींनी बूट आणले.

याला दुसरी बाजू आहे. पंधरवड्यानंतर दोन सुना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आमचा गट बदलून द्या. दिवसात हा एकच तास स्वतःचा मिळाला होता, तिथंही त्या बरोबर आल्या." बदलून दिला. चालण्याबरोबर मिळणारं मोकळं बोलणं हे त्यांच्यासाठी औषधाचा अर्धा भाग होतं, आणि ते सासूसमोर होत नाही.

पुरुषांची बैठक गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात घेतली. फार कुणी थांबलं नाही. दोन घरांत नवऱ्यांनी सकाळचं पाणी भरण्याचं काम अंगावर घेतलं, बाकी ठिकाणी काही हललं नाही. एवढंच.

पावसाळा, फुगडी आणि नवरात्र

नाशिकच्या पावसात चालण्याचा कार्यक्रम मोडणार हे उघड होतं. समाजमंदिरात व्हिडिओ लावून एरोबिक्स सुरू केलं तर अंग चोरून हात हलवणं सुरू. श्रावण लागला आणि कुणीतरी मंगळागौरीचे खेळ काढले. झिम्मा, पिंगा, फुगडी, सूप नाचवणं. याला ना लाज, ना परवानगी. दोन मिनिटांच्या फुगडीत बोलण्याची कसोटी सरळ 'जोराचं' या खान्यात गेली. ज्यांना उड्यांनी त्रास होतो त्यांनी झिम्म्याचा संथ प्रकार घेतला, बीपी अनियंत्रित असलेल्या दोघींनी टाळ्यांवर भागवलं.

श्रावणानेच मला या प्रकरणातली खरी गाठ दाखवली. तिसऱ्या सोमवारी गटातल्या सहा-सात जणी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेल्या. छोटी फेरी धरली तरी वीसेक किलोमीटर, चिखलातून, बऱ्याच जणी उपाशी. यातली एक तीच, जिला रोज वीस मिनिटं चालवत नाही. वणीच्या गडावर नाशिकहून पायी जाणाऱ्या बायका आहेत, ते अंतर साठ किलोमीटरच्या घरात जातं. शरीराची कुवत हा प्रश्न नव्हताच. देवाच्या नावानं निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही, तिच्या माघारी घरचे वरणभात लावून घेतात, आणि तिचं स्वतःचं मनही तिला खात नाही. स्वतःच्या तब्येतीसाठी निघालेल्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. आमच्या शिक्षणाचं खरं काम तिथे होतं.

म्हणून नवरात्र हाताशी धरलं. मुंबई नाक्याजवळच्या कालिका मंदिरात नवरात्रात पहाटेपासून बायकांची रीघ लागते. रिक्षाऐवजी चालत जायचं ठरलं, ज्यांना जेवढं झेपेल तेवढं, उरलेलं सिटीलिंकच्या बसनं. नऊ दिवस घरांनी सकाळची घडी बसवून घेतली. दसऱ्यानंतर अध्यक्षांनी एकच गोष्ट केली : तीच वेळ, तोच मार्ग, फक्त मंदिराऐवजी वळून परत. सगळ्या टिकल्या असं नाही, निम्म्याच्या आसपास टिकल्या. पण घराला त्या वेळेची सवय लागली होती, त्यामुळे नव्यानं भांडावं लागलं नाही.

यात एक जोखीम होती ती लिहायलाच हवी. नवरात्रात अनवाणी चालायचं व्रत अनेकींचं. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर रुतलेला काटाही कळत नाही आणि जखम चिघळते. एका मावशींनी ऐकायला साफ नकार दिला. आशाताईंनी वाद घातला नाही. चप्पल मंदिराच्या दारात काढली तरी देवीचा मान राहतो, असं दुसऱ्या मावशींकडून सांगवलं आणि रोज रात्री तळवे आरशात बघायला शिकवलं. त्या शेवटी चपलेला तयार झाल्या, पण 'तुमच्या म्हणण्यावर' हे चारदा ऐकवून.

वहीत काय लिहायचं

बचत गटाला वही ठेवायची सवय असते, तिचा फायदा झाला. प्रत्येकीनं महिन्याच्या सुरुवातीला 'चालणार' असं मोघम न लिहिता कोणत्या वेळी, कुठून कुठे, कुणाबरोबर हे लिहायचं, आणि आठवड्याची मिनिटं मांडायची. अध्यक्षांना खाड्याला दहा रुपये दंड हवा होता. माझा विरोध होता, पण गट त्यांचा, ठराव त्यांचा. दंड लागला. महिन्यात दिसून आलं की ज्यांच्या घरी आजारपण आहे किंवा ज्यांना पाळीचा त्रास आहे, त्या दंडाच्या धास्तीनं बैठकीलाच येईनात. पुढच्या ठरावात दंड गेला.

वजनकाटा मी मुद्दाम आणला नाही. खाणं तेच ठेवून नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही, आणि काटा हलला नाही की बाई चालणं सोडते. त्याऐवजी दोन मापं ठेवली. एक, कमरेचा घेर. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो जोखमीचा तक्ता भरतात, त्यात स्त्रीचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, त्यापुढे एक, नव्वदच्या वर दोन. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आहे का, हा प्रश्नही त्याच तक्त्यात आहे आणि एकूण गुण चारपेक्षा जास्त झाले की तपासणीला आधी बोलावतात. हा कागद कित्येकींचा आधीच भरलेला होता, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. दुसरं माप, तीस सेकंदांत हाताचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येतं. घेर महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. खुर्चीचा आकडा मात्र दोन महिन्यांत बऱ्याच जणींचा वाढला, आणि वाढलेला आकडा सांगताना आवाजही वाढायचा.

वहीतल्या मिनिटांवर माझा पूर्ण विश्वास नाही. स्वतः सांगितलेल्या हालचालीचे आकडे जगभर फुगलेलेच असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, म्हणजे व्याख्यानाला जवळजवळ वर्ष होत आलं तेव्हा, निम्म्याहून थोड्या अधिक जणी आठवड्यातले चार दिवस तरी बाहेर पडत होत्या, एवढं मी पाहिलेलं म्हणून सांगू शकते. वाण म्हणून त्या वर्षी स्टीलच्या वाटीऐवजी मोज्यांचा जोड लुटला गेला. ताकदीचे व्यायाम मात्र आठवड्यातून दोन दिवस कुणीच नेमानं करत नाही. खुर्चीची चाचणी असते त्या आठवड्यात करतात.

दिव्याचा अर्ज दोनदा दिला. कोपरा अजून अंधाराच आहे, आणि पहाटेचा गट हिवाळ्यात अर्धा होतो तो थंडीमुळे कमी आणि त्या कोपऱ्यामुळे जास्त.

ज्यांना यातलं काही लागू पडलं नाही

धुण्याभांड्याला जाणाऱ्या तिघी-चौघी आणि मधल्या काळात ठेकेदारीवर कंपनीत लागलेल्या दोघी सुरुवातीपासून कडेला राहिल्या. पाच घरं करून आलेल्या बाईला भराभर चाला म्हणणं मलाच लाजिरवाणं वाटत होतं. मिनिटांच्या हिशेबात त्या शिफारशीच्या पुढे आहेत. कामातल्या सक्तीच्या श्रमांनी हृदयाला फुरसतीतल्या व्यायामाइतकाच फायदा होतो का, यावर संशोधकांमध्ये वाद चालू आहे. पण त्यांची कंबर, मनगटं आणि टाचा काय सांगतात ते ऐकायला संशोधन लागत नाही.

त्यांच्यासाठी रविवारी दुपारी वेगळी बैठक सुरू केली आहे. पाठीचे ताण, वाकण्याऐवजी बसून उचलण्याची पद्धत, टाचांसाठी ओल्या फडक्याचा शेक आणि पोटऱ्यांचा ताण, शेवटी पंधरा मिनिटं आडवं पडून श्वास. त्यांची मागणी ही पंधरा मिनिटं तीस करण्याची आहे. गटातल्या बाकीच्या बायकांचा आक्षेप असा की झोपायला समाजमंदिराची चावी कशाला द्यायची. पुढच्या मासिक बैठकीत यावर ठराव आहे आणि अध्यक्षांचं मत अजून ठरायचं आहे.